गिरीजच्या खड्ड्यातले दात

वसईला जाणारे लोक किल्ला पाहून येतात, समुद्र पाहून येतात, निदान तिथली सुकेळी तरी घेऊन येतात. मी त्या प्रांतात गेलो तेव्हा यांतले काहीही माझ्या मनात नव्हते. मी पाहिला तो एका वाडीतला पुरुषभर खोल खड्डा आणि त्यातून निघालेले दात. परतल्यावर पुणतांब्याच्या स्नेह्यांनी प्रवासाबद्दल पुष्कळ विचारले, पण मी टाळत राहिलो. आता भीती पुरती ओसरली आहे असे नाही, परंतु ती सांगता येण्याइतकी निवळली आहे, म्हणून लिहितो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी एकुलती एक कन्या मैत्रेयी वसईजवळ गिरीज गावी राहत असे. जावई जयंतराव सातिवलीतल्या एका लहानशा कारखान्यात कामाला होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी गिरीजला केळीच्या वाडीचा एक तुकडा विकत घेतला होता. त्यावर दोन खोल्यांचे जुने कौलारू घर होते आणि त्याच्या शेजारी नवे घर बांधण्याचा त्यांचा संकल्प होता. मैत्रेयीला तेव्हा सहावा महिना होता. याआधी दोनदा तिची ओटी भरण्यापूर्वीच रिकामी झाली होती. या खेपेस डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणावरून उठू नये, प्रवासाचे तर नावही काढू नये, अशी सक्त ताकीद दिली होती.

एका सकाळी आमच्या पुणतांब्याच्या बाजारातल्या टेलिफोनवाल्याकडे जयंतरावांचा निरोप आला. पाया खणताना दात निघाले होते, बारीक, लहान मुलांचे असावेत असे. मी येईपर्यंत कुदळ उचलायची नाही, असे त्यांच्या मातोश्रींनी ठरवले होते.

हे ऐकून मला भीती का वाटली, ते वाचकांना सांगायला हवे. घर बांधण्यापूर्वी भूमीत अस्थी, केस, कोळसा असे काही गाडलेले नाही ना, हे खणून पाहण्याचा विधी आमच्या शास्त्रात आहे. अशा वस्तूला शल्य म्हणतात आणि ती राहून गेली तर घरच्या माणसांना बाधते, असे मानतात. पुरुषभर किंवा पाणी लागेपर्यंत खणावे, असा नियम आहे. वर्षापूर्वी या जागेचे भूमिपूजन मीच केले होते. त्या दिवशी परतीची गाडी गाठायची होती. मी हातभर खणवले, माती हातात घेऊन हुंगली आणि भूमी निर्दोष असल्याचे सांगून मोकळा झालो. मैत्रेयीचा दुसरा गर्भ गेला तो त्यानंतर, त्याच जागेतल्या जुन्या घरात.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया, गिरीज

आमच्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीला मार्गशीर्षात भेगा पडू लागतात. इथे मात्र पाऊल टाकावे तिथे ओल. केळीच्या पानांतून पाणी ठिबकत होते, पडवळाच्या मांडवाखाली भरदुपारी अंधार होता आणि वाऱ्याला खारा वास होता. वाटेच्या वळणावरच्या क्रुसाला झेंडूची माळ घातलेली होती आणि नाताळ जवळ आल्याने घरोघरी ओसरीवर कागदी चांदण्या टांगल्या जात होत्या. एरवी मी हे सारे कौतुकाने पाहिले असते. त्या दिवशी मला ती ओल, तो अंधार आणि तो वास एकाच गोष्टीकडे बोट दाखवत आहेत असे वाटत राहिले.

मुलीला अपत्य होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, हा आमच्या घराण्याचा नेम. विहीणबाईंना तो ठाऊक असल्याने त्यांनी चहापाण्याचा आग्रह केला नाही. मी जवळच्या लाह्या आणि गूळ खाल्ला, विहिरीवर हातपाय धुतले आणि मैत्रेयीपाशी जाऊन बसलो. तिने माझा हात पोटावर ठेवून घेतला.

मग विहीणबाईंनी मला मागच्या पडवीत नेले आणि फडक्याने झाकलेली थाळी पुढे केली. तीत तीस-पस्तीस दात असतील. रंग काळपट तपकिरी. काही सुईसारखे अणकुचीदार होते, पण बहुतेक गोल, तुळतुळीत, वरून घुमटासारखे आणि खालून पोकळ. मैत्रेयीचे दुधाचे दात पडले तेव्हा मी ते उचलून पाहिले होते. दुधाच्या दाताचे मूळ आतल्या आत विरून जाते, म्हणून पडलेला दात खालून असाच पोकळ असतो. मी थाळी पुन्हा फडक्याने झाकली.

“उद्या पाहू,” एवढेच मी म्हणालो.

“शास्त्रीबुवा,” विहीणबाई हळूच म्हणाल्या, “तुमचा चेहरा बघितला, तेव्हाच कळलं मला.”

मग मी खड्डा पाहायला त्याच्या काठाशी गेलो. तळाशी करडे पाणी साचले होते. वारा नसतानाही ते अगदी मंद हलत होते.

तृतीया, भुईगावचा किनारा

रात्रभर विचार करून मी असे ठरवले की, ते दात कोणाचे का असेनात, त्यांना शांती मिळाली पाहिजे. लढाया झाल्या, साथी आल्या, कोणाची लेकरे कुठे पुरली गेली, कोण सांगणार? पहाटे स्नान करून मी ते दात पांढऱ्या वस्त्रात बांधले आणि तीळ, दर्भ आणि पळी-पंचपात्री घेऊन जयंतरावांबरोबर भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो.

आमच्याकडे अस्थी नदीत सोडतात, नदी त्या पुढे घेऊन जाते. समुद्र मात्र घेतो आणि परत आणतो, हे माझ्या ध्यानात नव्हते. काळ्या खडकांच्या पलीकडे ओहोटीचे पाणी पार लांब गेले होते. चिखलातून कंबरभर पाण्यात शिरलो आणि अज्ञात गोत्राच्या, अज्ञात नामाच्या जीवांसाठी जो विधी सांगितला आहे तो मी यथासांग केला. गाठोडे सोडले तेव्हा ते बुडाले, पुन्हा वर आले, माझ्या कमरेला लागले आणि मग दिसेनासे झाले. त्या स्पर्शाने अंगावर आलेला काटा घरी पोचेपर्यंत गेला नाही.

घरी मैत्रेयी भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अप्पा, तुम्ही तीळ घेऊन गेलात,” ती म्हणाली. “म्हणजे ती मुलंच होती.”

ते दात माणसाचे आहेत असे मी कोणालाही सांगितले नव्हते. परंतु ज्या घरात शास्त्र्याच्या शब्दापेक्षा त्याची कृती मोठी मानतात, त्या घरातून मी तीळ आणि दर्भ घेऊन निघालो होतो. अस्थींचा विधी केला तो मीच, आणि तोच माझा निकाल ठरला होता.

विहीणबाईंनी दुपारीच बॅग भरायला काढली. या जागेत पोर तगणार नाही, तिला उद्याच्या गाडीने पुणतांब्याला न्या, असे त्यांचे म्हणणे. जयंतराव म्हणाले की डॉक्टरीणबाईंनी स्टेशनपर्यंत रिक्षादेखील नको म्हटले आहे. आई आणि मुलगा एकमेकांकडे न पाहता बोलत होते आणि शेवटी दोघेही माझ्याकडे पाहू लागले. तिला हलवले तर गर्भाला धोका आणि ठेवले तर माझ्याच शास्त्राप्रमाणे धोका. चतुर्थीला प्रवास नको, असे सांगून मी तो एक दिवस मागून घेतला. खरे तर त्या दिवशी प्रवास निषिद्ध नव्हता, मला फक्त वेळ हवा होता.

संकष्टी चतुर्थी, इनास मास्तरांची ओसरी

सकाळी सायकलवरून एक वृद्ध गृहस्थ आले. सडपातळ, खाकी अर्धी विजार, जाड भिंगांचा चष्मा. हे इनास मास्तर. त्यांच्याच धाकट्या भावाने ही जमीन जयंतरावांना विकली होती. गावच्या शाळेत त्यांनी हयातभर विज्ञान शिकवले होते. दात निघाल्याचे ऐकून ते पाहायला आले होते. मी सगळे दात समुद्रात सोडल्याचे सांगितले तेव्हा ते पायरीवर बसलेच.

“सगळे?” त्यांनी विचारले.

“सगळे.”

“दोन दाणे तरी ठेवायचे होते, शास्त्रीजी.” पुढे त्यांनी दातांचा आकार, रंग, पोकळी असे बारकाईने विचारून घेतले. आपल्या मते ते माशाचे असावेत, पण पाहिल्याशिवाय आपण शब्द देणार नाही, असे ते म्हणाले.

विहीणबाई दारातूनच बोलल्या, “जमीन तुमच्या भावाने विकली, मास्तर. तुम्ही मासाच म्हणणार.”

मला वाटले, त्यांना राग येईल. ते मात्र शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, बाई. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. शास्त्रीजींनी स्वतः पाहावं.”

परंतु पाहायचे काय? खड्ड्यात पाणी होते. पौर्णिमेच्या उधाणाने इथल्या जमिनीतले पाणी वर चढते आणि अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर मोडला की ते उतरते, असे मास्तरांनी सांगितले. तोवर थांबायला विहीणबाई नाइलाजाने तयार झाल्या. मी ज्या तिथीवर मुहूर्त काढतो, त्याच तिथीवर हा मनुष्य पाण्याचा हिशेब सांगत होता. त्या क्षणी प्रथमच मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. नातवंडे नाताळचा गोठा बांधत होती. गवताच्या छपराखाली मातीची गुरे आधीच मांडून झाली होती. मास्तरांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या कुप्या त्यात ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी आणि आत दात. गेली तीस वर्षे गावात कुठेही विहीर खणली की ते तिथला गाळ बादलीने घरी आणत आले होते. ही सगळी पट्टी कधीकाळी समुद्राचा तळ होती, असे ते म्हणाले. किती वर्षांपूर्वी, असे मी विचारले. त्यांना ते सांगता येत नव्हते, हजारांत मोजावे लागेल एवढेच ते म्हणू शकत होते.

भिंगाखाली त्यांनी मला एकेक दात दाखवला. मुशीचा, म्हणजे शार्कच्या जातीतल्या माशाचा, दात त्रिकोणी, कडेला करवतीसारख्या बारीक दातऱ्या आणि खाली दोन पायांचे मूळ. पाखट या रुंद, चपट्या माशाचा दातही चपटा, फरशीच्या तुकड्यासारखा, कारण त्याच्या जबड्यात दातांची फरसबंदीच असते. आणि शिंपले फोडून खाणाऱ्या माशांचे दात गोल, घुमटासारखे, खालून पोकळ. थाळीतले दात असेच होते. तसे मी म्हटलेही. मास्तरांनी मान हलवली.

“असेच होते असं तुम्हांला वाटतं. मलाही वाटतं. पण दुधाचा दातही खालून पोकळ असतो, हे तुम्हीच मला सांगितलंत. वाटण्यावर तुमच्या मुलीची भीती जायची नाही.”

मग मुशीची कुपी उचलून ते सहज बोलल्यासारखे बोलले, “आणि एक ऐका. या जिवाचे दात जन्मभर पडत असतात. मागच्या ओळीतला पुढे येतो, पुढचा गळतो. दात सापडला म्हणजे जीव मेला असं नाही. ह्यातले कितीतरी दात टाकून तो जीव पुढे पोहत गेला असेल.”

अस्थी म्हटली की मृत्यू, याखेरीज दुसरा विचार माझ्या मनात आयुष्यात आला नव्हता. मी ती कुपी बराच वेळ धरून बसलो.

त्या रात्री चंद्रोदय झाला, आरती झाली, पण मैत्रेयीने संकष्टी सोडली नाही. आपण या जागेत शिजलेले अन्न पोटातल्या जिवाला कसे घालायचे, असे ती म्हणाली. पंचमीची दुपार झाली तरी ती पाण्यावरच होती. तिचे ओठ सुकले होते आणि मध्येच ती पोटाला हात लावून डोळे मिटून घेई. विहीणबाई दारात उभ्या राहून पदराने डोळे टिपत होत्या.

मी तिला सांगितले की अन्नाला दोष नाही. ती म्हणाली, “मग तुम्ही का घेत नाही? तुम्ही जेवा, मी जेवते.”

वडिलांनी, आजोबांनी पाळलेला नेम होता तो. मी विहीणबाईंना म्हणालो, दोन पाने वाढा. गरम भात, वरण, अळूचे फदफदे आणि ताक होते. पहिला घास मी घेतला, मग तिने घेतला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहत पुरे पान जेवून संपवले. ते जेवण रुचकर होते, हे मला दुसऱ्या दिवशी आठवले.

अष्टमी, पडवीत

मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे सप्तमीला खड्ड्यातले पाणी गुडघ्याखाली उतरले. जयंतरावांनी तळातला करडा गाळ तीन बादल्या भरून काढला. मी तोवर काठावर उभा राहून विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. ते मास्तरांना अडथळ्याचे वाटले असेल, पण त्यांनी तसे दाखवले नाही.

हे काम कसे करतात ते सांगतो, कारण आमच्याकडे ते कोणी पाहिले नसेल. गाळ आधी सुकवायचा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवायचा. चिकट गोळे आपोआप सुटतात. नंतर चहाच्या बारीक गाळणीतून तो पाण्याखाली हलक्या हाताने धुवायचा, चोळायचा नाही. चिखल निघून जातो आणि मूठभर रेव उरते. ती वाळवून चौकटी आखलेल्या काळ्या कागदावर पसरायची आणि एकेक चौकट भिंगाखाली पाहायची. कुंचल्याचे टोक ओले करून दाणा उचलायचा, म्हणजे तो चिमट्याने फुटत नाही. एक चौकट संपल्याशिवाय दुसरीकडे पाहायचे नाही. पोथीची ओळ सोडू नये तसेच हे. मला ते जमले.

बाहेर नेणे शक्य नव्हते, म्हणून मैत्रेयीचे अंथरुण आम्ही पडवीच्या दाराशी घेतले. मास्तरांनी तिच्या हातातही एक भिंग दिले. दुपारपर्यंत आमच्यासमोर शंभरावर दात जमले. गोल दात मास्तरांनी लहानापासून मोठ्यापर्यंत एका रेषेत मांडायला सांगितले. सगळ्यांत मोठा ज्वारीच्या दाण्याएवढा, सगळ्यांत लहान मोहरीहूनही लहान, आणि मधली प्रत्येक पायरी हजर.

मैत्रेयी ती रेषा पाहत राहिली. मग तीच म्हणाली, “मोहरीएवढी दाढ कोणत्या बाळाला येते?”

विहीणबाई पुढे आल्या, वाकल्या, चष्मा वर-खाली करून पाहू लागल्या. इतक्या दिवसांनी त्या घरात कोणी मोकळा श्वास टाकला असेल तर तेव्हा. आणि त्याच वेळी माझ्या कुंचल्याला शेवटच्या चौकटीत तो दात लागला.

तो गोल नव्हता, त्रिकोणी नव्हता, चपटाही नव्हता. फावड्यासारखा पसरट माथा, खाली निमुळती मान आणि मानेखाली एकच सरळ मूळ. तो इतर दातांहून बराच मोठा होता. मुलाला पहिला दात येतो तेव्हा खालच्या हिरडीवर जो दिसतो, तसा. मी तो झाकून ठेवू शकलो असतो. तसा विचार मनात आला, हे मान्य करतो. परंतु मैत्रेयी माझ्या हाताकडेच पाहत होती.

मास्तरांनी तो भिंगाखाली धरला, उलटला, पुन्हा धरला.

“हा मला माहीत नाही,” ते म्हणाले.

विहीणबाई सरळ झाल्या आणि आत गेल्या, आतून बॅगेची कडी वाजली. मैत्रेयी कुशीवर वळली आणि तिने पोट दोन्ही हातांनी धरले. दुखते का, असे मी विचारले. ती म्हणाली, “दुखत नाहीये. धरून ठेवलंय.”

संध्याकाळी मास्तर पुन्हा आले. मी पूजेतल्या देवांची डबी, संपुष्ट, आवरत होतो. ते दूर उभे राहून शाळिग्रामाकडे पाहत होते. मला राग येणार नसेल तर एक बोलू का, असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हटल्यावर हलकेच म्हणाले की तोही समुद्रातलाच जीव आहे, दगड झालेला. त्याच्या अंगावरची चक्रे म्हणजे त्याच्या शंखाच्या आतले वेढे. मला राग आला नाही. कीटकाने पाषाणात चक्रे कोरली, अशी आमच्याकडेही कथा आहे. पण ज्याला मी साठ वर्षे तुळस वाहिली, तोही कोणाचा तरी देह आहे, हे ऐकून मला एक वेगळीच भीती वाटली. त्या भीतीत अपवित्र असे काही नव्हते. आपण फार मोठ्या गोष्टीच्या काठावर उभे आहोत, एवढे मात्र उमगले.

मास्तरांनी जाताना सांगितले, “अर्नाळ्याला एक बाई आहे. तिच्याकडे जबडा आहे, असं ऐकून आहे. पाहिल्याखेरीज मी काही म्हणणार नाही.”

दशमी, अर्नाळा

नवमीला मास्तरांना ताप होता, म्हणून एक दिवस गेला. तो दिवस आम्ही सर्वांनी कसा काढला ते लिहिण्यात अर्थ नाही. दशमीला सकाळी एस.टी.ने आम्ही दोघे अर्नाळ्याला गेलो. दात कुपीत घालून मी उपरण्याच्या गाठीत बांधला होता.

किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, ओळींमागून ओळी. त्या वासाची मला सवय नव्हती. मी नाकाला उपरणे लावले, तेव्हा दोन-चार बायका हसल्या. समोर पाण्यात किल्ल्याचे बेट दिसत होते. मी तिकडे पाहिले नाही.

हिराबाई म्हणजे साठीच्या घरातली उंच, दणकट बाई. जाळ्याच्या ढिगावर बसून ती गाठी मारत होती. मास्तरांना पाहताच म्हणाली, “काय मास्तर, परत दात? सोताचे पडले म्हनून दुसऱ्यांचे गोला करता काय?”

मास्तर हसले आणि त्यांनी तिला सारे सांगितले, मैत्रेयीचेही. बाईचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट पाहिले, मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेले काही घेऊन आली.

तो एक लांबट, पांढरा पडलेला जबडा होता. हा गादा, ती म्हणाली. दिसतो माशासारखा, पण मासा नव्हे. पिलाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतो. जाळ्यात आला तर त्यांच्या कोळीवाड्यात कोणी तो खात नाही. जिवंत असेल तर सोडतात, मेला असेल तर नारळ देऊन पाण्यात ढकलतात. या जातीचा गादा लहान असतो, त्याला पाठीवर पर नसतो. हा जबडा तिच्या नवऱ्याला वाळूत मिळाला होता.

“दाखवा तुमचा,” ती म्हणाली.

उपरण्याची गाठ मला सुटेना. हिराबाईने माझा हात बाजूला केला, स्वतः गाठ सोडली आणि कुपी माझ्या तळहातावर उपडी केली. मग जबडा माझ्या हाताशेजारी धरला.

जबड्यावर वीस-एक दात ओळीने उभे होते. पसरट माथा, निमुळती मान, फावड्यासारखे. माझ्या तळहातावरचा काळा आणि जबड्यातले पांढरे. रंगाखेरीज भेद नव्हता. मास्तरांनी भिंग लावले. जबड्यातला एक सैल दात काढून त्यांनी दोन्ही मुळे शेजारी ठेवली आणि ते पुन्हा भिंगातून पाहू लागले.

हिराबाईलाच राहवले नाही. “बघा आजोबा, आपल्या पोराच्या तोंडात पुढचा येगला, दाढ येगली. ह्याचे सगले एकसारखे. पानी पिऊन वाढलेलं पोर नाय हे, पान्यातलंच हाय.”

“गादाच,” मास्तर म्हणाले. “आता मी म्हणतो.”

मी वाळूत बसलो. बोंबलाचा वास येत होता आणि मी तो खोल श्वासाने घेत होतो.

सफला एकादशी, गिरीज

हिराबाईने जबडा आमच्याबरोबर दिला होता. मैत्रेयीने तो मांडीवर घेतला आणि काळा दात एकेका पांढऱ्या दाताशेजारी धरून पाहिला, वीसही वेळा. विहीणबाईंनीही पाहिला. पाहून झाल्यावर त्या मास्तरांपुढे उभ्या राहिल्या आणि चहा घेणार का, असे विचारले. साखर कमी, असे मास्तर म्हणाले. त्यांच्यातला समेट एवढ्या शब्दांत झाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “शास्त्रीबुवा, आता कोणता विधी करायचा?”

आयुष्यात मला हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला, त्या सर्वांना मी उत्तर दिले आहे.

“कोणताही नाही,” मी म्हणालो. “गवंड्यांना बोलवा.”

सगळे पांगल्यावर मैत्रेयीने मला जवळ बोलावले. “अप्पा, खरं सांगा. भीती गेली?”

“दातांची गेली.”

“आणि?”

“तुझी आहे. ती पहिल्यापासून तुझीच होती.”

ती म्हणाली, “मग इथेच राहा. घाबरायला पुणतांब्याला कशाला जायला हवं?”

आठ दिवसांसाठी गेलेला मी अशा रीतीने तीन महिन्यांवर राहिलो. माघात पाया वर आला. फाल्गुनाच्या आरंभी, दिवस पुरे होण्यापूर्वीच, मैत्रेयीला वसईच्या इस्पितळात न्यावे लागले आणि तिला मुलगी झाली, एवढीशी. तिला नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवले. मायलेकी पुढे सुखरूप घरी आल्या, हे वाचकांना मी आधीच सांगून टाकतो. मला मात्र त्या नऊ दिवसांत ते कोणी सांगितले नव्हते.

त्या नऊ दिवसांत मी पेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर असे. एका दुपारी पांढऱ्या पोशाखातली एक सिस्टर बाहेर आली. माझी शेंडी आणि उपरणे पाहून ती सौम्यपणे म्हणाली, “आजोबा, काही पूजाबिजा करायची असेल तर तिकडे प्रार्थनेची खोली आहे. इथे नका करू.”

“नाही, सिस्टर,” मी म्हणालो. “मी नुसता बसलो आहे.”